तोंडाने औषध देण्याची सिरिंज: एका छोट्या साधनाचे परीक्षण

लहान मुलाला औषध देण्यासाठी घरात एकच साधन ठेवायचे झाले, तर ते सुई नसलेली आणि केवळ याच कामासाठी बनवलेली सिरिंज असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ज्या संचाविषयी लिहिते आहे त्यात १, ५ आणि १० मि.लि. मापाच्या तीन सिरिंज आणि औषधाच्या बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारे, मधोमध भोक असलेले एक बूच असते. असे संच अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांच्यातला फरक बहुतांशी घडणीच्या बारकाव्यांचा आहे. म्हणून एखाद्या कंपनीची शिफारस करण्यापेक्षा या साधनाने नेमके काय साधते, ते कोठे अपुरे पडते आणि विकत घेताना काय पाहावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

ज्या सवयीला हे साधन पर्याय देते, ती सवय आधी पाहायला हवी. मूल तोंड मिटून घेते किंवा औषध थुंकते, म्हणून ते दुधाच्या बाटलीत, फळांच्या रसात किंवा वाटीभर खाण्यात कालवून देण्याकडे पालकांचा कल असतो. त्यामागे मुलाविषयीची काळजीच असते, यात शंका नाही. परंतु डॉक्टरांनी मुलाच्या वजनावरून ठरवलेली मात्रा एकदा बाटलीभर दुधात मिसळली की ती त्या सगळ्या दुधात विखुरते, आणि बाळाने त्यातले काही दूध शिल्लक ठेवले तर औषधाचा किती भाग पोटात गेला, हे कोणालाही सांगता येत नाही. उरलेल्या दुधाच्या प्रमाणात औषध उरले असेल, असेही धरून चालत नाही, कारण न विरघळलेले कण तळाशी बसतात आणि काही भाग बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतो. मग अपुऱ्या मात्रेवर समाधान मानावे की आणखी थोडे औषध द्यावे, असा पेच उभा राहतो आणि त्याची दोन्ही उत्तरे चुकीची ठरू शकतात. प्रतिजैविक वारंवार कमी पडले तर संसर्ग आटोक्यात येत नाही. पॅरासिटामॉलसारखे औषध अंदाजाने पुन्हा पुन्हा वाढवून दिले तर यकृताला धोका पोहोचतो. शिवाय दुधाला लागलेली कडू चव बाळाच्या लक्षात राहते आणि ते पुढच्या वेळी साधे दूधही नाकारू शकते. ज्या बाळाचे सारे पोषण दुधावरच चालते, त्याच्या बाबतीत हे नुकसान औषध चुकण्याइतकेच गंभीर आहे.

सिरिंजचा सर्वांत मोठा गुण याच ठिकाणी दिसतो. मोजलेले औषध नळीत डोळ्यांसमोर असते, ते तोंडात जाताना दिसते आणि मुलाने काही थुंकलेच तर साधारण किती वाया गेले, याचा अंदाज डॉक्टरांना सांगता येतो. औषध देणाऱ्याच्या मनाला ही जी खात्री मिळते, ती मला या साधनाच्या इतर सर्व गुणांहून मोलाची वाटते.

मापाच्या अचूकतेबाबत तर तुलनाच होऊ शकत नाही. घरातल्या चमच्यांचा आकार एकसारखा नसतो. ज्याला आपण ५ मि.लि. समजतो त्या चमच्यात प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी किंवा बरेच जास्त औषध मावू शकते. याच कारणाने अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ मध्ये अशी भूमिका जाहीर केली की, मुलांच्या पातळ औषधांची मात्रा चमच्यांत न लिहिता फक्त मिलिलिटरमध्येच लिहावी आणि मोजावी. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात दोन हजारांहून अधिक पालकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात पाचांपैकी चारांहून अधिक पालकांकडून औषध मोजताना किमान एकदा २० टक्क्यांहून मोठी चूक झाली आणि सुमारे एक पंचमांश पालकांनी किमान एकदा ठरलेल्या मात्रेच्या दुपटीहून अधिक औषध मोजले. सिरिंजपेक्षा मापाच्या झाकणाने मोजताना चुका कितीतरी जास्त झाल्या आणि मात्रा जितकी लहान तितका हा फरक ठळक होता. यात पालकांच्या हुशारीचा प्रश्न नाही. रुंद तोंडाच्या झाकणात २.५ मि.लि. म्हणजे तळाशी जेमतेम पसरलेला थर असतो. झाकण किंचित कलले किंवा डोळ्यांची पातळी वरखाली झाली की माप बिघडते. अरुंद नळीत तेच २.५ मि.लि. चांगल्या लांबीच्या स्तंभासारखे उभे राहते आणि त्यातली छोटी चूकही दिसून येते.

म्हणूनच संचात तीन मापे असणे ही चैन नव्हे. नियम सोपा आहे: ठरलेली मात्रा ज्या सर्वांत लहान सिरिंजमध्ये एका वेळी मावेल, ती सिरिंज घ्यावी. ०.६ मि.लि. औषध १० मि.लि.च्या सिरिंजने मोजणे म्हणजे अचूक साधन हातात असूनही अंदाजावर चालणे होय, कारण तिच्यावरच्या दोन रेघांमधले अंतरच साधारणपणे अर्ध्या मिलिलिटरचे असते. तान्ह्या बाळाच्या थेंबांच्या औषधासाठी १ मि.लि.ची सिरिंज आणि थोड्या मोठ्या मुलाच्या सिरपसाठी ५ मि.लि.ची सिरिंज, या दोन्हींचा सर्वांत जास्त उपयोग होतो. १० मि.लि.ची सिरिंज मला त्यामानाने क्वचितच लागते.

माप वाचताना दट्ट्याच्या रबरी भागाची नळीच्या टोकाकडची कड ज्या रेघेवर येते, तो आकडा धरायचा असतो. काही दट्ट्यांचे रबर पुढे घुमटासारखे असते. तेथे घुमटाचा शेंडा न पाहता, नळीच्या भिंतीला टेकलेली पुढची कड पाहावी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो औषधाची जागा व्यापतो, म्हणून टोक वर करून हलकेच टिचकी मारावी, हवा बाहेर ढकलावी आणि पुन्हा माप जुळवावे. औषध देऊन झाल्यावर टोकाच्या बारीक वाटेत जो थेंब राहतो, तो मापात धरलेला नसतो. तो पाण्याने धुऊन घेऊन मुलाला पाजू नये. १ मि.लि.च्या आतली मात्रा देताना त्या थेंबानेसुद्धा फरक पडू शकतो.

बाटलीच्या तोंडात बसणारे बूच हा या संचाचा न गाजलेला पण अत्यंत सोयीचा भाग आहे. ते दाबून बसवायचे, सिरिंजचे टोक भोकात घालायचे, बाटली उलटी करायची आणि दट्ट्या ओढायचा. औषध वाटीत ओतावे लागत नाही, सांडत नाही, आणि बाटलीत तळाशी थोडेसेच औषध उरले असले तरी ते काढता येते. बूच नसलेला स्वस्त संच घेण्यापेक्षा बूच असलेली एकच सिरिंज घेणे मी पसंत करीन. मात्र बुचांचा आकार प्रमाणित नसल्यामुळे ते प्रत्येक बाटलीत बसतेच असे नाही, ही या उत्पादनाविषयीची माझी पहिली तक्रार आहे. वेगवेगळ्या व्यासांची दोन-तीन बुचे संचात देणे कंपन्यांना अवघड जाऊ नये.

औषध काढण्यापूर्वी बाटली नीट हलवणे मात्र कोणतेही साधन आपल्यासाठी करत नाही. सस्पेन्शन प्रकारच्या औषधात औषधाचे कण पाण्यात तरंगत असतात आणि बाटली उभी ठेवली की ते तळाशी बसतात. आकडी येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनच्या सस्पेन्शनचे उदाहरण या बाबतीत नेहमी दिले जाते: बाटली न हलवता दिली तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे डोस धोकादायक इतके तीव्र होऊ शकतात. सिरिंजने मोजलेले ५ मि.लि. तेव्हाच बिनचूक ठरतात, जेव्हा त्या ५ मि.लि.मध्ये औषध तेवढेच असते.

तीव्रतेचा प्रश्न इथेच संपत नाही. एकाच औषधाचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता अनेकदा निराळी असते, त्यामुळे ‘नेहमीप्रमाणे एवढे मि.लि.’ हे वाक्य बाटली बदलली की घातक ठरू शकते. अमेरिकेत तान्ह्या बाळांच्या आणि मोठ्या मुलांच्या पॅरासिटामॉलची तीव्रता वेगवेगळी असल्याने चुका होत होत्या, म्हणून २०११ मध्ये उत्पादकांनी तेथे मुलांच्या सर्व पातळ पॅरासिटामॉलसाठी ५ मि.लि.मध्ये १६० मि.ग्रॅ. ही एकच तीव्रता ठेवण्याचा निर्णय घेतला. सिरिंजवर फक्त मिलिलिटर छापलेले असतात, मिलिग्रॅम नव्हे. बाटलीवरचा मजकूर वाचण्याची जबाबदारी आपलीच राहते. एखाद्या औषधाच्या खोक्यात त्याची स्वतःची सिरिंज आलेली असेल, तर ती त्याच औषधासाठी वापरावी आणि दुसऱ्या बाटलीसाठी उचलू नये.

आता प्रत्यक्ष देण्याविषयी. मूल ताठ बसलेले किंवा मांडीवर डोके उंच ठेवून धरलेले असावे. सिरिंजचे टोक जिभेच्या मध्यावर किंवा घशाकडे रोखायचे नसते. ते ओठांच्या कोपऱ्यातून, गाल आणि हिरडी यांच्यामधल्या जागेत घालायचे आणि दट्ट्या हळूहळू दाबत थोडे थोडे औषध सोडायचे, मूल गिळेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे जायचे. जोराने सोडलेली धार थेट घशात जाऊन ठसका लागतो आणि औषध श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. त्याच कारणाने आडव्या झोपलेल्या किंवा मोठ्याने रडणाऱ्या मुलाला औषध पाजू नये आणि नाक दाबून तोंड उघडायला लावण्याचा प्रकार तर कधीच करू नये. चांगल्या सिरिंजची पारख येथेच होते. दट्ट्या अडखळत सरकणारा असेल तर हाताला जोर लावावा लागतो आणि मग तो एकदम सुटून सगळे औषध एका दमात बाहेर येते. विकत घेताना दट्ट्या पुढेमागे करून पाहणे शक्य असेल तर अवश्य पाहावे.

गालाच्या बाजूने औषध देण्याचा आणखी एक लाभ असा की, औषध जिभेवर कमी पसरते आणि चव थोडी कमी जाणवते. पण कडवटपणा सिरिंजने नाहीसा होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. मुलांना गोड चव मोठ्यांपेक्षा अधिक आवडते आणि कडू चवीचा त्यांना अधिक त्रास होतो. औषध थुंकणारे मूल हट्टी असते असे नाही, त्याला ते खरोखरच फार कडू लागत असते. औषधापूर्वी एखादा थंड पदार्थ चाटायला दिला तर जीभ किंचित बधिर होते आणि औषधानंतर लगेच आवडीचे पेय दिले तर चव रेंगाळत नाही. या दोन गोष्टींनी पुष्कळदा काम भागते, आणि औषध कशात मिसळावेच लागत नाही. काही औषधे मात्र उपाशीपोटी द्यायची असतात, म्हणून ही युक्ती वापरण्यापूर्वीही विचारून घ्यावे.

तरीही काही वेळा औषध मिसळूनच द्यावे लागते. मूल गोळी गिळू शकत नाही आणि त्या औषधाचे सिरप मिळतच नाही, किंवा औषध दाण्यांच्या रूपातच येते, अशा वेळी प्रश्न ‘मिसळावे की नाही’ हा न राहता ‘कशात, किती आणि केव्हा’ हा होतो. औषधनियामक संस्थाही याकडे गांभीर्याने पाहतात: युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये मुलांच्या औषधांविषयी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात औषध अन्नात किंवा पेयात मिसळून देता येते का, याचा विचार उत्पादकाने करावा अशी अपेक्षा आहे, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याच विषयावर एक मसुदा प्रसिद्ध केला. याचा अर्थ असा की, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक औषधासाठी वेगळे असते आणि ते बहुधा औषधासोबतच्या पत्रकात मिळते. घरच्या तर्काने ते काढता येत नाही.

याचे चांगले उदाहरण म्हणजे दम्यासाठी दिले जाणारे मॉन्टेलुकास्टचे दाणे. ते थेट तोंडात टाकता येतात, किंवा चमचाभर थंड वा खोलीच्या तापमानाच्या मऊ अन्नात मिसळता येतात, किंवा बाळासाठी ५ मि.लि. आईच्या दुधात अथवा बाळाच्या पावडरच्या दुधात घालता येतात. पुडी फोडल्यापासून १५ मिनिटांच्या आत पूर्ण मात्रा पोटात जायला हवी आणि उरलेले मिश्रण पुढच्या वेळेसाठी ठेवता येत नाही. याउलट आम्लपित्तासाठीच्या ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये जे दाणे असतात, त्यांच्यावर पोटातल्या आम्लापासून बचाव करणारे आवरण असते. सफरचंदाच्या शिजवलेल्या गरासारख्या आंबट, मऊ पदार्थात ते आवरण टिकते. दुधात ते विरघळू लागते आणि औषध आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होते. हे दाणे चावूनही चालत नाही. म्हणजे जे दूध एका औषधासाठी योग्य वाहन आहे, तेच दुसऱ्यासाठी अडथळा आहे.

आंबट रसाबाबत उलटा अनुभव येतो. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या सस्पेन्शनमधले कण कडवटपणा झाकण्यासाठी आवरणात गुंडाळलेले असतात. आंबट रसात ते आवरण सुटते आणि औषध मूळच्यापेक्षाही कडू लागते. पालकाने चव सुधारण्यासाठी रस घातलेला असतो आणि मुलाच्या तोंडी मात्र अधिक कडू घोट येतो. अशा वेळी मूल औषध का नाकारते, हे पालकाला कळतच नाही, आणि दोष विनाकारण मुलाच्या माथी जातो.

चवीपेक्षाही मोठा प्रश्न औषधाच्या शोषणाचा आहे. दुधातले कॅल्शियम टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांना बांधून ठेवते आणि ती शरीरात कमी उतरतात. लोहाचे औषधही दुधाबरोबर नीट शोषले जात नाही. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनमध्ये सोयाचे दूध, कॅल्शियम आणि लोह हे तिन्ही अडथळा आणतात. अ‍ॅलर्जीवरचे फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर दिले तर त्याचे शोषण घटते, म्हणून ते पाण्याबरोबरच द्यायचे असते. ग्रेपफ्रूटचा रस तर आतड्यातल्या, औषधांचे विघटन करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) निष्क्रिय करतो आणि त्यामुळे अवयव-प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन यांसारख्या औषधांचे रक्तातले प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. हा परिणाम एका दिवसाहूनही अधिक टिकतो, त्यामुळे औषध आणि रस यांत काही तासांचे अंतर ठेवून भागत नाही. दुसऱ्या बाजूला काही औषधांना अन्नाची साथच लागते: हिवतापावरचे आर्टिमेथर आणि ल्युमेफॅन्ट्रिन यांचे संयुक्त औषध स्निग्ध पदार्थाबरोबर, उदाहरणार्थ दुधाबरोबर, अधिक चांगले शोषले जाते. म्हणूनच ‘औषध दुधाबरोबर चालते का?’ या प्रश्नाला औषधाचे नाव विचारल्याशिवाय कोणी उत्तर देत असेल, तर त्यावर विसंबू नये.

मिसळणे योग्य आहे असे फार्मासिस्ट किंवा डॉक्टर यांनी सांगितल्यावरही मोजण्याचे काम सिरिंजनेच करावे. औषध आधी अचूक मोजून घ्यावे आणि मगच ते मुलाला एक-दोन घासांत सहज संपवता येईल इतक्याच, म्हणजे चमचाभर, मऊ अन्नात कालवावे. अन्न गरम असू नये. औषध घातलेला घास पहिल्यांदा द्यावा आणि भूक असेपर्यंतच द्यावा. पोट भरल्यावर तो हमखास उरतो. मिश्रण करून ठेवू नये. मुलाच्या अगदी आवडीच्या पदार्थात किंवा बाळाच्या मुख्य आहारात ते घालू नये, नाहीतर त्या पदार्थाचीच नावड बसते. एक वर्षाखालील बाळाला औषध गोड करण्यासाठी मध अजिबात देऊ नये, कारण मधात असू शकणारे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू त्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. एक वर्षानंतर हा धोका जवळजवळ राहत नाही. मुलाला कळू लागले की त्याला औषध आहे असे सांगूनच द्यावे. फसवून दिलेल्या औषधाने मूल केवळ औषधावरचाच नव्हे, तर जेवण भरवणाऱ्यावरचा विश्वासही गमावते. औषधाला गोळ्या-चॉकलेट म्हणू नये. तसे म्हटले तर मूल ते स्वतःहून शोधून खाण्याचा धोका उरतो.

गोळी कुटून मिसळण्याचा विचार येताच थांबावे. औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराची मात्रा एकदम शरीरात जाते. आवरण असलेल्या गोळ्या कुटल्या तर औषध जठरात नष्ट होते किंवा जठराला इजा करते. काही औषधांची भुकटी तर हाताळणाऱ्यासाठीही अपायकारक असते. विरघळणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मुलांसाठी योग्य रूपातली औषधे बनवण्याची मोहीम सुरू केली, आणि मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांचा ती पुरस्कार करते. जुलाबात दिली जाणारी झिंकची गोळी चमचाभर आईच्या दुधात, स्वच्छ पाण्यात किंवा जलसंजीवनीत विरघळवून देता येते, आणि येथे सिरिंज फार उपयोगी पडते: विरघळलेले औषध दिल्यावर थोडे पाणी घालून तीच वाटी धुवावी आणि ते पाणीही सिरिंजने द्यावे, म्हणजे चिकटलेला भागही पोटात जातो. जलसंजीवनीची पुडी मात्र तिच्यावर छापलेल्या प्रमाणातल्या पिण्याच्या पाण्यातच विरघळवावी, दुधात किंवा रसात नाही, कारण क्षार आणि साखर यांचा समतोल बिघडला की तिचा उपयोगच जातो.

बाजारातल्या पर्यायांपैकी चोखणीच्या आकाराचे, आत औषध भरायचे साधन दिसायला आकर्षक आहे, पण त्यात औषध चिकटून राहते आणि बाळाने मध्येच चोखणे थांबवले तर दुधाच्या बाटलीचाच पेच पुन्हा उभा राहतो. लांब पोकळ दांड्याचा मापाचा चमचा घरगुती चमच्यापेक्षा निश्चितच बरा आहे. स्वतःहून औषध घेणाऱ्या मुलासाठी तो चालतो, मात्र सांडण्याची शक्यता राहते. मोठी गोळी गिळायला मदत करणारी जेली मोठ्या मुलांना सोयीची पडते, परंतु तीही औषधाबरोबर चालते की नाही, हे विचारूनच घ्यावी.

या संचाच्या उणिवा मी येथे झाकून ठेवणार नाही. सर्वांत गंभीर उणीव म्हणजे छापील रेघा. मी घेतलेल्या एका संचातल्या सिरिंजवरचे आकडे काही धुण्यांतच फिकट झाले, आणि माप दिसत नसलेली सिरिंज निरुपयोगीच नव्हे तर धोकादायक असते. आकडे पुसू लागले, दट्ट्या अडखळू लागला किंवा नळीला तडा गेला की ती विनाविलंब टाकून द्यावी. काही संचांत टोकावर छोटी टोपी येते; ती सुटून मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून पाकीट उघडताच तिची विल्हेवाट लावावी. इंजेक्शनची सिरिंज सुई काढून वापरणाऱ्यांनी तर याची विशेष काळजी घ्यावी, किंबहुना ती वापरूच नये. तोंडाने औषध देण्याच्या सिरिंजचे टोक मुद्दाम असे बनवलेले असते की तिला सुई बसत नाही, आणि त्यामुळे तोंडाने द्यायचे औषध चुकून शिरेत जाण्याचा मार्गच बंद होतो. सिरिंज घेताना वेष्टनावर ती तोंडाने देण्यासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा.

दुसरी उणीव माहितीपत्रकाची. त्यात धुण्याच्या दोन ओळी आणि मुलाच्या हसऱ्या चित्रापलीकडे काही नसते. कोणत्या कडेवर माप वाचावे, गालाच्या कोणत्या भागात टोक ठेवावे, बुडबुडा कसा काढावा आणि औषध मिसळायचे असल्यास कोणाला विचारावे, एवढे चार परिच्छेद छापले असते तर या साधनाची उपयुक्तता दुप्पट झाली असती. ज्या पालकांना लहान अक्षरे वाचणे जड जाते, त्यांच्यासाठी चित्रांचा वापरही व्हायला हवा.

स्वच्छता अवघड नाही. वापरल्यानंतर लगेच दट्ट्या नळीतून वेगळा करावा, दोन्ही भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुवावेत, स्वच्छ पाणी दोन-तीनदा ओढून सोडावे आणि भाग सुटे ठेवूनच वाळवावेत. ओलसर सिरिंज बंद डब्यात ठेवली तर आत जंतू किंवा बुरशी वाढू शकते. घरात दोन मुले आजारी असतील तर प्रत्येकाची सिरिंज वेगळी ठेवून तिच्यावर खूण करावी. तान्ह्या बाळासाठी ती निर्जंतुक कशी करावी, हे वेष्टनावर पाहावे, कारण सर्व प्लास्टिक उकळते पाणी सहन करत नाही.

औषध दिल्यानंतर मुलाला उलटी झाली तर पुन्हा पूर्ण मात्रा द्यावी की नाही, हे औषध कोणते आणि ते देऊन किती वेळ झाला यावर ठरते. स्वतःच्या अंदाजाने दुसरी मात्रा न देता फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना विचारावे आणि विचारताना किती मि.लि. औषध किती वाजता दिले, हे सांगावे. सिरिंज वापरणाऱ्याला हे उत्तर देता येते, दुधात औषध घालणाऱ्याला ते देता येत नाही. ज्या मुलांना गिळण्याचीच अडचण आहे, त्यांना मात्र ही सिरिंज केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरावी, आणि ज्यांना नाकातून किंवा पोटातून घातलेल्या नळीने औषध द्यावे लागते, त्यांच्यासाठी वेगळ्या टोकाची, त्या नळीला बसणारी सिरिंज मिळते. हा संच त्यांच्यासाठी घेऊ नये.